खार : समुद्रापासून राखलेल्या जमिनीचा शब्द

१/
हार्बर मार्गावरचे खारघर, उरण मार्गावरचे खारकोपर, कळव्याजवळचे खारेगाव, पाताळगंगेकाठचा खारपाडा आणि मुंबईतले पश्चिम रेल्वेवरचे खार. ही नावे रोज असंख्य तोंडी असतात. त्यांत ऐकू येणारा ‘खार’ हा मुळात शेतकऱ्याचा शब्द आहे. आजच्या धाग्यात या एका शब्दाचे अर्थ, त्यामागची शेती आणि नवी मुंबईच्या घडणीत त्याचे काय झाले, ते पाहू.

२/
प्रथम व्युत्पत्ती. संस्कृत ‘क्षार’ या शब्दापासून प्राकृतातून मराठीत ‘खार’ आला. त्याचा गोतावळा मोठा आहे : खारा, खारट, खारवणे, खारवलेली मासळी, पापडखार, सज्जीखार, जवखार. झाडावरची खार मात्र वेगळी. या कुळाशी तिचा संबंध नाही.

३/
वाक्प्रचारांतही हा शब्द आहे. एखाद्याविषयी मनात आकस धरणे म्हणजे त्याच्यावर ‘खार खाणे’. दुसऱ्याच्या कामासाठी स्वतःचे नुकसान सोसणे म्हणजे ‘पदराला खार लावणे’. हा दुसरा वाक्प्रचार लक्षात ठेवावा. धाग्याच्या शेवटी त्याचे काम पडेल.

४/
आता शेतीतला अर्थ. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या खाडीकाठी ‘खार’ म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली भातजमीन. ‘खाऱ्या पाण्याची पडीक जागा’ असा अर्थ शहरी कानाला जाणवतो, पण गावच्या बोलीत अशा जागेला वेगळा शब्द आहे : खाजण. भरतीचे पाणी जिथे मोकळे येते-जाते, जिथे तिवरे वाढतात आणि निवट्या उड्या मारतात, ते खाजण. बांध पडला, पाणी अडले, भात उभे राहिले, की त्याच खाजणाचा खार होतो.

५/
हा भेद सर्वत्र एकसारखा पाळला जातो असे नाही. गोव्यात बांध घालून लागवडीला आणलेल्या अशाच जमिनीला ‘खाजन’ म्हणतात. पेण-अलिबागकडे अशा गावांचा सलग पट्टा ‘खारेपाट’ म्हणून ओळखला जातो. उत्तर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तिलाच ‘गजनी’ म्हणतात. एकाच किनाऱ्यावरच्या एकाच कसबाची ही चार नावे.

६/
कायद्यानेही हा अर्थ जसाच्या तसा उचलला आहे. महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ मधील व्याख्येचा आशय असा : समुद्र किंवा भरतीची नदी यांपासून बांधाने संरक्षण करून लागवडयोग्य वा अन्यथा उपयुक्त केलेली जमीन म्हणजे खार किंवा खाजण, मग तिला खारेपाट म्हणोत, गजनी म्हणोत, की आणखी काही.

७/
या व्याख्येतला ‘केलेली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खार ही निसर्गाने दिलेली जमीन नव्हे. ती कुणीतरी केलेली असते आणि दरवर्षी पुन्हा करावी लागते. एक वर्ष हात आखडला, तर समुद्र आपली जागा परत घेतो.

८/
ती केली कशी जात असे? खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याचा जोर कमी असतो. बांधाचे काम उन्हाळ्यात आणि भांगाचे दिवस साधून केले जाई. खाडीतला चिकट गाळ कापून त्याची ढेकळे हातोहात पोहोचवायची, एकावर एक रचायची आणि पायाने तुडवून घट्ट करायची. पुढचे उधाण येण्यापूर्वी बांध पाण्याच्या वर निघाला पाहिजे.

९/
बांधाच्या खाडीकडील अंगाला जिथे जमेल तिथे दगड बसवीत. बांधापुढची तिवरे तोडू नयेत ही समजही जुनीच. लाटांचा पहिला मार तिवरे घेतात. मोठ्या खारात मुख्य बांधाच्या आत लहान बांधांची दुसरी रांग असे. बाहेरचा बांध फुटला, तरी सगळे शेत एकाच भरतीत बुडू नये यासाठी ही सोय.

१०/
या रचनेचा सगळ्यात चतुर भाग म्हणजे ‘उघाडी’. पावसाचे पाणी शेताबाहेर गेले पाहिजे, पण खाडीचे पाणी आत येता कामा नये. त्यासाठी बांधात मोरी ठेवून तिला बाहेरच्या बाजूनेच उघडणारे दार बसवतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप उघडते. भरतीला खाडीचे पाणी ते बाहेरून दाबून बंद करते. गोव्यात याच रचनेला ‘मानस’ म्हणतात.

११/
बांध पूर्ण झाला म्हणजे लगेच पीक आले, असे होत नसे. जमिनीतले मीठ आधी धुऊन निघावे लागते. पावसाचे गोडे पाणी शेतात साठवायचे, मुरू द्यायचे, मग उघाडीतून सोडायचे. असे काही पावसाळे गेल्यावर जमीन भाताजोगी होते. उन्हाळा आला की मीठ पुन्हा वर येऊन जमिनीवर पांढरा थर फुलतो. म्हणून खारात पीक पावसाळ्याचे. गोड्या पाण्याचा मोसम संपला की शेतीही संपली.

१२/
पेरणीचीही रीत निराळी. बियाणे भिजवून, मोड आणून चिखलात फेकायचे. कोकणात या पद्धतीला ‘रहू’ म्हणतात. भातही खास. तांबूस दाण्याचे ‘राता’ या नावाने ओळखले जाणारे वाण खारट जमीन सोसतात. काळा राता आणि भुरा राता ही त्यांतली प्रसिद्ध नावे.

१३/
या वाणांची कीर्ती खाडीपुरती राहिली नाही. पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे क्षार सोसणारे भाताचे वाण याच केंद्राचे. आणि ‘कालाराता’ हे नाव क्षारसहनशील भातांवरील आंतरराष्ट्रीय संशोधनातही भेटते. केरळचा पोक्काली, बंगालचा नोना बोक्रा यांच्या पंक्तीत ते घेतले जाते.

१४/
खारात केवळ भात नसे. आतल्या तळ्यांत जिताडा वाढवीत. खारेपाटाच्या पाहुणचारात त्याचे स्थान आजही वरचे आहे. बांधाच्या कडेला चिंबोऱ्या मिळत. मात्र हीच चिंबोरी बांधाची वैरीण. तिने केलेल्या बिळातून पाणी झिरपू लागते, बीळ रुंदावते आणि एखाद्या उधाणाला बांधाला ‘खांड’ पडते. म्हणून पावसाळ्यात बांधावरून फिरून बिळे बुजवणे हे शेतीचेच काम मानले जाई.

१५/
खांड पडली की नुकसान एकट्याचे होत नाही. ती कुणाच्याही शेतासमोर पडो, खारे पाणी सगळ्या खारात पसरते आणि त्यानंतरचे काही हंगाम हाती येत नाहीत. त्यामुळे खाराची शेती प्रत्येकाची स्वतंत्र असली, तरी बांध सर्वांचा असे. शेजाऱ्याशी वैर असले तरी त्याच्या समोरची खांड बुजवायला जावेच लागे. येथे गावकी ही शेतीची मूलभूत गरज होती.

१६/
इतका खर्च आणि इतके श्रम कोण करणार? मराठी राज्यव्यवहारात नव्याने लागवडीस आणलेल्या जमिनीला ‘इस्तावा’ देण्याची रीत होती : आरंभीची वर्षे सारा माफ वा नाममात्र, पुढे टप्प्याटप्प्याने वाढता. समुद्रातून जमीन काढणाऱ्याला असा कौल मिळाला नाही, तर तो मुळात बांधाला हातच घालणार नाही, हे राज्यकर्त्यांना ठाऊक होते.

१७/
कुलाबा भागात याच कामातून ‘शिलोत्री’ हा जमीनधारणेचा प्रकार घडला. बांध घालून जमीन काढणारा तो शिलोत्रीदार. तो कुळांकडून बिघ्यामागे ठरावीक धान्य घेई, आणि त्या बदल्यात बाहेरचा बांध दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्याची असे. पनवेल तालुक्यात ‘शिलोत्तर रायचूर’ या महसुली गावाच्या नावात त्या जगाची खूण अजून टिकून आहे.

१८/
इथेच तंटाही दडलेला होता. धान्य बांधासाठी म्हणून घेतले जाते. पण बांध प्रत्यक्षात कुळानेच सांभाळला तर? गाळ वाहणारे हात एकाचे आणि हक्क दुसऱ्याचा, अशी स्थिती खारेपाटात जागोजाग होती. त्यावर खोत-सावकारांचा मोठा वाटा आणि कर्जाचा भार.

१९/
१९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत, असा निर्धार झाला. सुमारे २५ गावे त्यात होती आणि संप सहा वर्षे चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चरीला येऊन शेतकऱ्यांना पाठिंबा दिला. कूळकायद्याच्या इतिहासात या संपाचे स्थान पायाचे मानले जाते; मुंबई प्रांताचा पहिला कूळकायदा १९३९ चा.

२०/
या संपाची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. डोंगराळ जमीन पडीक ठेवली तर ती पुढल्या वर्षी पुन्हा नांगरता येते. खार ओस टाकणे म्हणजे पिढ्यांचे श्रम समुद्राच्या तोंडी देणे. ज्यांनी बांध जपला त्यांनीच शेताकडे पाठ फिरवली, यावरून त्यांची गांजणूक कोणत्या थराला गेली असेल, याची कल्पना येते.

२१/
स्वातंत्र्यानंतर बांधाची जबाबदारी हळूहळू शासनाकडे सरकली. मुंबई खार जमीन अधिनियम १९४८ चा; त्यानुसार मंडळ स्थापन झाले. पुढे १९७९ चा कायदा आला. मोठे बांध आणि पक्क्या उघाड्या झाल्या. पण गावकीने पावसाळ्याआधी बांधावर उतरण्याची रीत मात्र विरत गेली. बांध ‘आपला’ होता तो ‘खात्याचा’ झाला.

२२/
याच काळात खाडीच्या या तीरावर मोठा बदल येऊ घातला होता. मुंबईवरचा ताण हलका करण्यासाठी जुळे शहर वसवायचे ठरले आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राची ही योजना. त्यात भातशेती होती, मिठागरे होती, आणि खाडीकाठचे खारही होते.

२३/
नकाशावर पाहणाऱ्याला खार सखल, दलदलीचा आणि भराव मागणारा दिसतो. शेतकऱ्याला त्यात आजोबांनी घातलेला बांध दिसतो. मोबदल्याचा हिशेब एकरात होतो. बांध एकरात मोजता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे उन्हाळे, गाळाची ओझी, बुजवलेल्या खांडी यांना सातबाऱ्यावर रकाना नसतो. ‘खार’ या शब्दाचे दोन अर्थ येथे समोरासमोर उभे राहिले : एक कमावलेल्या जमिनीचा, दुसरा खाऱ्या पडीक जागेचा.

२४/
पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्रांनी रास्त मोबदला आणि पुनर्वसनासाठी लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-दास्तान फाटा आणि नवघर येथे गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले.

२५/
त्या तत्त्वाचा अर्थ खाराच्या भाषेत वाचला, तर नवे काही दिसते. जमिनीची किंमत तिच्यावर झालेल्या कामातून वाढते, आणि त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा असतो, हे त्यात मान्य झाले. खार करणाऱ्याला इस्तावा देणाऱ्या जुन्या कारभाराला हे वेगळ्या रीतीने माहीत होते.

२६/
आणि शहर वसवताना काय करावे लागले? भराव घातलेली बरीच जमीन उधाणाच्या पातळीखाली होती. म्हणून डच धर्तीवर धारण तलाव बांधले गेले : भरतीच्या वेळी पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपांतून खाडीत जाते. वाशी, बेलापूर यांसारखे विभाग या तलावांच्या भरवशावर पावसाळा काढतात. झडपेचे नाव बदलले आहे. काम उघाडीचेच आहे.

२७/
हॉलंडचे पोल्डर जगाला ठाऊक आहेत. स्कॉटलंडमध्ये नदीमुखाजवळच्या अशाच सखल, गाळाच्या, निचरा करून कसदार झालेल्या पट्ट्यांना ‘कार्स’ म्हणतात. पर्थ आणि डंडी यांच्यामधला कार्स ऑफ गाउरी धान्यासाठी प्रसिद्ध आहे. पाण्याशी झगडलेल्या प्रत्येक समाजाने आपल्या जमिनीला स्वतंत्र नाव दिले. ‘खार’ हे त्याच तोलामोलाचे नाव आहे. डच ज्ञान आपण आयात केले, पण ज्या गावांवर शहर वसले त्यांचे तेच ज्ञान ओळखू आले नाही.

२८/
ही केवळ आठवणींची बाब नाही. धारण तलावांत गाळ साचला आहे, काहींत तिवरे वाढली आहेत, आणि पाऊस व उधाण एकाच वेळी आले की सखल विभागांत पाणी भरते. खाराचा पहिला नियम येथेही लागू आहे : बांध एकदा घालून संपत नाही. तो दरवर्षी राखावा लागतो आणि कुणी राखायचा हे ठरलेले असावे लागते.

२९/
दुसरीकडे रायगडमध्ये अजून शिल्लक असलेल्या खारांना उलटा पेच पडला आहे. बांधाला खांड पडते, दुरुस्ती रखडते, दोन-चार वर्षांत शेतात तिवरे उगवतात. तिवरांचे रक्षण आवश्यकच आहे; १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आणि २००५ मधील मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे किनारा वाचला. परंतु काल ज्या जागी भात होते तिथे आज कांदळवन उभे राहिले, की शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात परतणे अवघड होते. खाराचे पुन्हा खाजण होते, आणि कागदावर ते निसर्गाचेच होते असे वाटू लागते.

३०/
म्हणून शब्दाचा अर्थ नेमका ठेवणे गरजेचे आहे. ‘खारी जमीन’ म्हटले की दोष जमिनीचा ठरतो. ‘खार’ म्हटले की त्यामागचा बांध, उघाडी, गावकी आणि श्रम आठवतात. शिलोत्रीदाराशी तंटा करणारे कूळ असो, चरीचा संपकरी असो, वा १९८४ चा भूमिपुत्र असो. ‘ही जमीन आम्ही केली आहे’ हेच त्यांच्या म्हणण्याचे मूळ होते.

३१/
आरंभी आलेला वाक्प्रचार येथे पुन्हा आठवावा. पदराला खार लावून दुसऱ्याचे भले करणे. खाडीकाठच्या आगरी, कोळी आणि इतर शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या खार राखला. त्याच जमिनीवर आज लाखोंची घरे उभी आहेत. या शहराचा खर्च प्रथम कुणाच्या पदरी पडला, हे तो वाक्प्रचार नेमके सांगतो.

३२/
खाडीकाठच्या गावांत खारांना स्वतंत्र नावे असत, उघाड्यांनाही असत. त्यांतली बरीच कोणत्याही नकाशावर नाहीत, ती केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आहेत. आपल्या घरात किंवा शेजारी असे कुणी असेल, तर त्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत : आपल्या खाराचे नाव काय होते, आणि उघाडी कुठे होती? उत्तरे याच धाग्याखाली लिहिली, तर एका शब्दाचा इतिहास थोडा अधिक पूर्ण होईल.

(समाप्त)